पत्रे बदलताना माळ्यातली गरम हवा बाहेर कशी काढायची? लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

फेब्रुवारी संपला की विचारणा सुरू होते, जुने पत्रे काढून नवे टाकायलोत, वर ते गोल फिरणारं बसवू का, खाली सीलिंग करू का, का नुसता पांढरा रंग मारू. पत्र्याच्या घराचा हा सगळा मामला लातूर-परभणीकडच्या उन्हाचा विचार करून खाली लिहिलाय. कोकणातल्या कौलारू घराला यातलं निम्मं लागू होणार नाही.

माळ्याला हवा खेळती ठेवायची म्हणजे नेमकं काय करायचं?

पत्रा आणि सीलिंग (किंवा लाकडी फळ्या) यांच्या मधल्या जागेत, म्हणजे माळ्यात, हवा तापते आणि वर चढते, आढ्याखाली (दोन्ही उतार वर मिळतात तिथं) जाऊन बसते. तिला वरनं बाहेर पडायला वाट द्यायची आणि तिच्या जागी खालनं, वळचणीपासून (पत्र्याच्या खालच्या कडेपासून), बाहेरची हवा आत येऊ द्यायची. बास, एवढंच आहे. पण लोक वरची वाट करतात आणि खालची विसरतात, आणि मग म्हणतात पाच-सहा हजार घालवले काहीच फरक नाही. खालून हवा आलीच नाही तर वरनं जाणार काय? किंवा मग ती वरच्याच भोकातनं थोडी आत थोडी बाहेर असं करत बसते, नाहीतर सीलिंगच्या फटीतनं तुमच्या खोलीतली हवा ओढते.

यानं घर किती थंड होईल?

खरं सांगायचं तर एकट्या हवेनं जेवढं वाटतं तेवढं नाही. मे महिन्यात दुपारी आपल्याकडं बाहेरच ४२-४३ असतं, नांदेड-परभणीला त्याच्याही वर जातं, तर माळ्यात येणारी हवा काय ४२ च्या खालची नसणार. पत्रा मात्र उन्हात ६० च्या वर सहज जातो. म्हणजे माळा ५५ वरून ४५ च्या आसपास आणायचं काम हवा करते, आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर घर लवकर निवतं, हा खरा फायदा. रात्री नऊला पण भट्टी आणि रात्री नऊला झोपण्यासारखं, हा फरक मोठा आहे.

पण उष्णतेची दुसरी वाट पण आहे. तापल्या तव्याच्या शेजारी हात धरला तर न शिवता धग लागते ना, तसा पत्रा खाली धग फेकतो, आणि ती धग हवेनं उडून जात नाही. ती अडवायला काहीतरी आडवं लागतं, चकचकीत फॉइल, सीलिंग, नाहीतर पत्राच कमी तापेल असा रंग. म्हणून नुसता पंखा बसवणारा आणि नुसतं सीलिंग करणारा, दोघंही अर्धंच काम करायलेत.

आमचं माळवदाचं घर होतं, ते काढून पत्रा टाकायलोत. माळवदात गार वाटायचं, पत्र्यात का नाही?

माळवदावर पांढऱ्या मातीचा जाड थर असतो, त्याला तापायलाच दुपार जाते, आणि सानं असायचंच. चुलीचा धूर जायला आणि उजेड यायला ठेवलेलं ते भोक गरम हवेला पण वाट द्यायचं, खाली दार उघडं, वर सानं उघडं, झालं काम. पत्रा टाकताना आपण माती पण काढतो आणि सानं पण बुजवतो.

तरी परत माळवद घाला असं मी म्हणणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं मातीचं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं, औसा-उमरगा भागातल्या जुन्या लोकांना ते सांगावं लागत नाही. पत्रा हलका आहे म्हणून टाका, फक्त माळवदाकडनं सानं तेवढं उचला.

हे पत्रे बदलतानाच करायचं का? नंतर नाही का जमत?

जमतं, पण नंतर केलं की नव्या पत्र्याला भोक पाडा, त्याला सील करा, आणि पहिल्या मोठ्या पावसात गळलं की पत्रेवाला म्हणतो व्हेंटिलेटरवाल्याला विचारा, व्हेंटिलेटरवाला म्हणतो पत्रेवाल्याला विचारा. सगळे पत्रे उतरलेले असतात तेव्हा वळचणीची फट, जाळी, फॉइल, वरचं आढं हे सगळं एका हातानं होतं. फॉइल तर पत्रा टाकायच्या आधी पर्लिनवर (पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या अँगल-पाइपवर) अंथरायची असते, नंतर खालनं चिकटवत बसायला फार त्रास. अँगल किंवा चौकोनी पाइप वेल्डिंग व्हायच्या आधीच ठरवा.

भोकं किती मोठी ठेवायची? काही हिशोब आहे का?

आहे. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमात माळ्याच्या दर १५० चौरस फुटाला १ चौरस फूट मोकळी वाट असा आकडा आहे, आणि वर-खाली दोन्हीकडं व्यवस्थित वाटलेली असेल तर काही अटींवर ३०० ला १ पण चालतो. तो मुळात तिकडच्या थंडीतल्या ओलाव्यासाठी काढलेला आहे, त्यामुळं आपल्या उन्हाला मी १५० वालाच धरतो, कमी नको.

समजा घर २० बाय ३० आहे. ६०० चौरस फूट, म्हणजे एकूण ४ चौरस फूट वाट, २ खाली आणि २ वर. खालची २ चौरस फूट दोन्ही वळचणींच्या ३०-३० फुटात वाटली तर अर्ध्या इंचाची पण फट लागत नाही. पण जाळी लावली की थोडी वाट जाळीच खाते, मच्छरजाळी असेल तर त्याहून बरीच जास्त, आणि आपल्याकडची धूळ एका उन्हाळ्यात उरलेली पण बुजवते. म्हणून इंचभर फट ठेवा, दोन्ही बाजूला, पूर्ण लांबीत. वर २४ इंची टर्बो व्हेंटिलेटरचा (तेच ते गोल फिरणारं) गळा, म्हणजे खालचं तोंड, सव्वातीन चौरस फुटाच्या जरा खाली भरतो, म्हणजे अशा घराला एक पुरतो. घर लांबट असेल, ५० फूट वगैरे, तर एक मोठा मधोमध बसवण्यापेक्षा दोन लहान बरे.

वर-खाली समान जमत नसेल तर खालची वाट मोठी ठेवा. उलटं करू नका.

गोल फिरणारा टर्बो चांगला, का आढं उचलून फट ठेवलेली चांगली, का त्रिकोणी भिंतीतली खिडकी?

घर कसं आहे त्यावर.

दोन पाखी घर असेल आणि उतार बऱ्यापैकी असेल तर माझी पहिली पसंती उचललेल्या आढ्याला. म्हणजे वरचा कॅपचा पत्रा तीन-चार इंच उचलून बसवायचा, दोन्ही बाजूंनी जाळी, आणि कॅप खाली चांगली नऊ इंच-फूटभर उतरती ठेवायची म्हणजे वाऱ्याचा पाऊस आत शिरत नाही. यात फिरणारं काहीच नाही, बेअरिंग नाही, आवाज नाही, आणि पूर्ण लांबीत गरम हवा निघते. फॅब्रिकेटर जरा कुरकुर करतो कारण त्याला पट्ट्या वाकवाव्या लागतात, पण करा म्हणा.

टर्बो वाऱ्यावर फिरतो, लाइट लागत नाही, आणि वारा पडला तरी ते एक उघडं तोंड असतंच, गरम हवा तशीही वर जाते. उतार अगदी कमी असेल, जसं आपल्याकडं पत्रे वाचवायला लोक सपाटच टाकतात, तर आढ्याची फट फारसं काम करत नाही कारण वर-खालच्या उंचीत फरकच नसतो, तिथं टर्बो बरा. घेताना हातानं फिरवून बघा, हलकं आणि बिनआवाजाचं फिरलं पाहिजे. स्वस्तातला घेतला की दोन-तीन वर्षांनी रात्री करकर करायला लागतो आणि मग लोक त्याला पोतं बांधून ठेवतात, असले पोतं बांधलेले टर्बो गावोगाव दिसतील.

त्रिकोणी भिंतीतली जाळी सगळ्यात स्वस्त, दोन्ही टोकांना समोरासमोर पाहिजे. एकाच टोकाला ठेवली तर तिला काही अर्थ नाही. वारा त्या दिशेनं असला तरच चांगली चालते, आडवा वारा असला की मधला भाग तसाच कोंडलेला राहतो.

मग तिन्ही लावले तर जास्त फायदा ना?

नाही, उलट नुकसान. हवा सगळ्यात जवळची वाट धरते. आढ्यापासून चार फुटावर टर्बो असला तर तो खालनं हवा ओढत बसणार नाही, आढ्याच्या फटीतनंच ओढेल आणि बाहेर टाकेल, वरच्या वर खेळ, आणि माळा आहे तिथंच गरम. पावसात तर त्या फटीतनं पाण्याचे तुषार पण ओढतो. वरची वाट एकाच प्रकारची ठेवा. जुनी त्रिकोणी जाळी असेल आणि आता टर्बो लावायलात तर जाळी प्लायनं बंद करून टाका.

लाइटवरचा एक्झॉस्ट लावला तर? किंवा सोलरचा?

गोदामाला, पोल्ट्रीला ठीक आहे. घराला मी शेवटचा पर्याय म्हणून सांगतो. पंखा जोरात ओढतो आणि खालची वाट कमी पडली की सीलिंगच्या फटीतनं खोलीतली हवा ओढायला लागतो, म्हणजे एसी असेल तर तुम्ही बिल भरून पत्र्याखालचा माळा गार करायलात. आणि दुपारी लाइट गेली की तो बंद, नेमका तेव्हाच. सोलरवाला निदान ऊन असताना चालतो हे त्याचं बरं आहे, पण खालची वाट दुप्पट ठेवूनच.

आमच्याकडं एसी नाही, कूलर आहे. त्याचा आणि माळ्याचा काय संबंध?

लई मोठा संबंध आहे आणि कोणी सांगत नाही. कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो, ती ओली हवा बाहेर गेली नाही तर अर्ध्या तासात घरात चिकचिक होते, गादी ओलसर, अंगाला घाम, आणि कूलर असून गार वाटत नाही. म्हणून समोरची खिडकी उघडी ठेवा म्हणतात. आता विचार करा, तीच हवा खिडकीतनं सोडण्यापेक्षा सीलिंगमधल्या एका फूट बाय फूट जाळीतनं माळ्यात सोडली तर? ती बाहेरच्या हवेपेक्षा गारच असते, माळ्यातली गरम हवा वर ढकलत आढ्यातनं बाहेर निघून जाते. एकाच कूलरच्या हवेचे दोन उपयोग. खिडकी बंद राहते म्हणून धूळ पण कमी आणि चोराची भीती पण नाही.

दोन गोष्टी सांभाळा. त्या जाळीला झाकण पाहिजे, कूलर बंद असताना आणि हिवाळ्यात बंद करता यावं, नाहीतर माळ्याची धग आणि उंदराच्या लेंड्या खाली. आणि जाळी कूलरच्या डोक्यावर नको, खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाहिजे म्हणजे हवा पूर्ण खोली ओलांडून जाईल. एसी लावणाऱ्यांनी मात्र हे अजिबात करू नये, त्यांनी सीलिंगची एकेक फट बुजवायची, लाइटच्या भोकांसकट.

पाऊस आत येणार नाही का? आणि ते एप्रिल-मे मधलं वादळ?

टर्बोच्या पात्यातनं पाणी सहसा येत नाही, फिरताना ते बाहेर फेकलं जातं. गळतं ते बुडाशी, जिथं बेस आणि पत्रा जुळतो तिथं. त्यावर उपाय सिलिकॉनचे थरावर थर नाही. टर्बो आढ्याच्या जवळच घ्यायचा आणि बेसची वरची कड आढ्याच्या कॅपखाली सरकवायची, मग वरनं वाहत येणारं पाणी बेसवरनंच पुढं जातं, सांध्यात शिरायचा प्रश्नच नाही. पाख्याच्या मधोमध बसवला की पाणी बेसला अडतं, आज ना उद्या गळणारच. बेस पण पत्र्याच्या नागमोडीला जुळणारा घ्या.

वादळाचं म्हणाल तर भोकांपेक्षा पत्र्याची बांधणी महत्त्वाची. गारपीट-वादळात उडालेले पत्रे बहुतेक कडेचे आणि कोपऱ्याचे असतात, वारा तिथं सगळ्यात जास्त उचलतो. कडेला स्क्रू दाट मारा, रबरी वायसर चांगले घ्या, आणि वर दगड ठेवायची सवय सोडा हो, वादळात तो दगडच खाली कुणाच्या डोक्यात येतो.

पाखरं, साप, वानरं?

वळचणीला अर्धा इंची वेल्डमेश (वेल्ड केलेली तारेची जाळी) आणि तीही आतून, पर्लिनला पट्टीनं आवळलेली. चिमण्या-पारवे, मोठे उंदीर-साप यांचा बंदोबस्त होतो. प्लास्टिकची हिरवी जाळी उंदीर एका रात्रीत कुरतडतो. मच्छरजाळी माळ्याला लावू नका, धुळीनं बंद होते. प्रोफाइल शीटच्या नाळीत वळचणीला फोमचे ठोकळे भरायची पद्धत आहे, तुम्ही हवेची वाट तिथनंच घेणार असाल तर ते ठोकळे नको म्हणून आधीच सांगा, मिस्त्री सवयीनं भरून मोकळा होतो. वानरांना टर्बो फिरवायला आवडतं, त्याला माझ्याकडं उपाय नाही.

फॉइल लावायची का? कोणती बाजू वर? थर्माकोल चालेल?

लावा. पण चकचकीत बाजूसमोर मोकळी हवा पाहिजे, निदान इंचभर. पत्र्याला टेकवून ताणली तर ती बाजू धग अडवत नाही. चमक खालच्या बाजूला ठेवा, कारण वर तोंड केलेल्या चमकेवर वर्षभरात धूळ बसते आणि मग ती चमक राहतच नाही. दोन्ही बाजूंनी चकचकीत बबलवाली मिळते ती बरी.

थर्माकोल नको. उष्णता अडवतो पण पेट लवकर घेतो आणि वायरिंग सगळं तिथनंच गेलेलं असतं. पीव्हीसीच्या पट्ट्यांचं सीलिंग पत्र्याच्या जवळ लावलं की उन्हानं पोट सोडतं, ते किमान फूट-दीड फूट खाली घ्या. जिप्सम चालतं, पण आधी गळती पूर्ण बंद आहे का बघा.

पफ पॅनल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं) टाकणार असाल तर गोष्टच वेगळी, ५० एमएमचं पॅनल स्वतःच उष्णता अडवतं, खाली सीलिंग नसेल तर माळाच नाही आणि हा सगळा खटाटोप पण नाही. फक्त खोलीला वरनं एक हवेची खिडकी ठेवा. पैसा जास्त लागतो, पण पत्रा, फॉइल, सीलिंग याची बेरीज करून मगच तुलना करा, कधी कधी फरक वाटतो तेवढा नसतो.

पांढरा रंग मारला तर? आणि आमचे आजोबा तुराट्या टाकायचे वर.

पांढरा रंग पैसे वसूल काम आहे. नवा चकचकीत पत्रा ऊन परतवतो हे खरं, पण जेवढी उष्णता घेतो ती सोडायला तो आळशी असतो, म्हणून चमकत असून चटका देतो. पांढरा रंग दोन्ही कामं करतो. नव्या गुळगुळीत पत्र्यावर चुना टिकत नाही, प्रायमर मारूनच रंग. कलर कोटेड घेणार असाल तर गडद निळा, विटकरी सोडा आणि पांढरा किंवा फिका घ्या, त्याच किमतीत मिळतो. शेजाऱ्याचं निळं छान दिसतं म्हणून घेतात आणि मे मध्ये बोंबलतात.

तुराट्या, पऱ्हाट्या, उसाचं पाचट, हे सगळं सावली म्हणून उत्तम चालतं, आजोबा चुकीचे नव्हते. पण ठिणगीची भीती, आणि मृगाच्या आधी काढलं नाही तर खाली ओल धरून पत्रा गंजतो आणि विंचू-सापाला घर मिळतं. काढणार असाल तरच टाका.

स्लॅबवर पत्र्याचं शेड मारायलोत. तिथं पण टर्बो?

नको. चारी बाजू उघड्या ठेवा, वाराच सगळं करतो. शेडचं काम स्लॅबला सावली देणं. लोक पुढं मोह होऊन चारी बाजू पत्र्यानं बंद करतात, मग ते शेड स्लॅबवरची भट्टी होतं. खोली करायचीच असेल तर ती घर समजून वरचे सगळे नियम लावा.

एकपाखी घर आहे, आढंच नाही.

उंच बाजूच्या भिंतीवर, पत्र्याच्या अगदी खाली, पूर्ण लांबीत जाळी. खालची वाट ठेंगण्या बाजूला. वरनं पत्रा फूटभर पुढं काढा पावसासाठी. उंच बाजू जमलं तर पूर्वेकडं घ्या म्हणजे पश्चिमेकडनं येणारा मान्सूनचा पाऊस जाळीवर थेट मारा करत नाही.

हिवाळ्यात ही भोकं बंद करायची का?

सीलिंग असेल तर नाही, उघडीच ठेवा. डिसेंबर-जानेवारीत परभणीकडं पारा एक आकडी येतो, त्या रात्री पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो आणि स्वयंपाकाची, अंघोळीच्या पाण्याची वाफ त्याला लागून घाम फुटतो, सकाळी टपटप पडतं आणि लोकांना वाटतं पत्रा गळायलाय. चालती हवा ती वाफ घेऊन जाते. थंडी अडवायचं काम सीलिंगचं, माळ्याचं नाही. सीलिंगच नसेल तर मात्र रात्री फळी लावून बंद करता येईल अशी सोय करा.

जुने सिमेंटचे पत्रे आहेत. ते कसे काढायचे?

जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं, तुटला-कापला की त्याची बारीक धूळ फुप्फुसात जाते आणि ती बाहेर पडत नाही, कॅन्सरपर्यंत जाऊ शकतं. ग्राइंडर लावू देऊ नका. पाणी मारून ओला करा, नट खोलून अख्खा उतरवा, तोंडाला चांगला मास्क, पोरांना लांब ठेवा. तुकडे करून अंगणात किंवा रस्त्याच्या खड्ड्यात भरायची पद्धत आहे, ती तर अजिबात नको. आणि अशा पत्र्यावर चढताना पाय पर्लिनवरच, सिमेंटचा जुना पत्रा न सांगता फुटतो.

माळ्यात सामान ठेवलं तर चालतं का?

वळचणीची फट सामानानं बंद झाली नाही तर चालतं. पण पेरणीसाठी राखलेलं सोयाबीन बी तिथं ठेवू नका, उष्णतेनं उगवण मार खाते आणि जूनमध्ये बियाण्याला नावं ठेवतो आपण. डिझेल, फवारणीचं औषध, गॅसची टाकी हे तर सांगायलाच नको.

बजेट कमी आहे, सगळं एकदम होणार नाही. आधी काय?

वळचणीची फट आणि वरची वाट आधी, कारण ती पत्रे उतरलेले असतानाच स्वस्तात होते. फिक्या रंगाचा पत्रा तर फुकटातच आहे. फॉइल पण पत्र्याखाली जाते म्हणून ती याच वेळी घेता आली तर घ्या, उसने घेऊन सुद्धा. सीलिंग पुढच्या वर्षी, कापूस-सोयाबीनचे पैसे आल्यावर केलं तरी चालतं. काम दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत उरका, मे मध्ये पहिलं वादळ झालं की सगळ्या गावाचे पत्रे उडालेले असतात आणि मिस्त्री फोन उचलत नाही. काम उरकून तो निघायच्या आधी दुपारी माळ्यात वळचणीपाशी उदबत्ती लावून बघा, धूर आत आणि वर सरकला तर हिशोब चुकता करा, तिथंच घुटमळला किंवा उलटा बाहेर आला तर त्याला परत शिडी लावायला सांगा.